परतीची तार

पिंपरी-चिंचवडचा रविवार गुरुवारी येतो. राज्यातले सगळे कारखाने एकाच दिवशी बंद राहिले आणि उरलेले सहा दिवस एकदम चालले, तर विजेचा तोल सांभाळणं जड जातं. म्हणून ठिकठिकाणच्या औद्योगिक वसाहतींना आठवड्याच्या सुट्टीचे वेगवेगळे वार वाटून दिले गेले आणि आमच्या वाट्याला गुरुवार आला. त्या दिवशी भोसरीची लेथ मशीनं गप्प असतात. एरवी पहाटेपासून भक्ती-शक्ती चौकात एकामागोमाग थांबणाऱ्या कंपन्यांच्या बसगाड्या दिसत नाहीत. तारांची, ट्रान्सफॉर्मरची कामंही याच दिवशी काढली जातात. गुरुवारी लाईट जाणार हे इथं घरोघरी गृहीत असतं. चटणी आदल्या रात्री वाटून होते, वरची टाकी भरून घेतली जाते, गणवेशांवर बुधवारीच इस्त्री फिरते.

दुपार कलली की लाईट येते. फ्रीज घुरघुरायला लागतो, पंखा एक हेलकावा खाऊन फिरू लागतो, शेजारच्यांचा टीव्ही वाक्याच्या मधूनच बोलायला लागतो. आषाढातल्या अशाच एका गुरुवारी आमच्याकडे सगळं आलं, फक्त स्वयंपाकघराच्या मागच्या भागातला दिवा आला नाही.

सगळ्यांची लाईट जाणं वेगळं आणि आपला एकच दिवा न लागणं वेगळं. लाईट जाते तेव्हा माणसं गॅलरीत येतात. ‘तुमच्याकडे आहे का हो?’ हा प्रश्न या गॅलरीतून त्या गॅलरीत जातो. ‘नाही’ असं उत्तर आलं की जिवाला बरं वाटतं, कारण तो अंधार सगळ्यांचा असतो. ‘आहे की!’ असं आलं तर मात्र पोटात धस्स होतं. कधी समोरची अख्खी बाजू उजळलेली असते आणि आपली अंधारात. मग कोणीतरी जाणकारपणे सांगतं, ‘एक फेज गेलाय.’ पण घरातले बाकीचे दिवे लख्ख जळत असताना एकच दिवा रुसतो, तेव्हा गॅलरीत जाऊन विचारण्यासारखं काही उरत नाही. आता शोध घराच्या आतच घ्यायचा असतो.

माझे वडील पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये मेंटेनन्सला होते. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने उभा राहिलेला हा सरकारी कारखाना. पेनिसिलिनची बुरशी तिथं मोठमोठ्या टाक्यांमध्ये वाढवत. तिला सतत शुद्ध हवा लागते आणि टाकीतलं मिश्रण सतत ढवळत राहावं लागतं. वीज गेली, हवेचा दाब उतरला, तर अख्खी बॅच हातची जाऊ शकते आणि ती बॅच म्हणजे कुठल्या तरी इस्पितळातल्या आजाऱ्यांची औषधं. या धाकात नोकरी केलेल्या माणसाला घरातला एखादा दिवा लागत नाही म्हणून सांगितलं, तर तो लगेच स्टुलावर चढत नसे. ते आधी शांतपणे विचारायचे, ‘बंद काय आहे ते मागाहून सांग. चालू काय काय आहे?’

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. बिघाडाने माणूस भांबावतो आणि बंद पडलेल्या वस्तूकडेच टक लावून बसतो. वडील मात्र चालू असलेल्या गोष्टींपासून निघायचे. खोलीतला पंखा फिरतोय? म्हणजे बोर्डापर्यंत सगळं ठीक. शेजारच्या प्लगवर मिक्सर चालतो? म्हणजे फ्यूज शाबूत. चालू असलेल्याची हद्द आखत आखत ते पुढे सरकायचे. ती हद्द जिथे संपे, तिथेच बिघाड सापडायचा. त्यांना कधी चिडलेलं पाहिलं नाही. बिघाड कुठेतरी नेमक्या एका जागी आहे आणि तो सापडणारच, यावर त्यांचा पूर्ण भरवसा असे.

त्या काळी ट्यूबलाईट हे सगळ्या घराने मिळून दुरुस्त करायचं प्रकरण होतं. चाळीस वॉटची चार फुटी ट्यूब, पट्टीत दडवलेला जड चोक आणि बाजूला बोटभर उंचीचा स्टार्टर. ट्यूब लुकलुकायला लागली की आई म्हणायची, ‘स्टार्टर फिरव जरा.’ वडिलांनी एकदा तो ॲल्युमिनियमचा डबा उघडून आतलं मला दाखवलं होतं. काचेची इवलीशी कुपी आणि तिच्यात वाकडी पत्ती. बटण दाबलं की कुपीतला वायू मंद उजळतो. त्या उबेने दोन धातूंची ती पत्ती वाकते आणि समोरच्या टोकाला चिकटते. तेवढ्यात ट्यूबच्या दोन्ही टोकांच्या तारा तापून घेतात. पत्ती निवते, सुटते आणि सुटताना चोक असा झटका देतो, की काही शे व्होल्टचा तो दाब ट्यूबभर प्रकाश पसरवून जातो. ट्यूब लागण्याआधीच्या त्या दोन-तीन उघडझापांमध्ये एवढं सारं घडायचं. तेव्हापासून मला लुकलुकणाऱ्या ट्यूबचा राग आला नाही.

आता पट्ट्या एलईडीच्या. चोकसह पन्नासेक वॉट खाणाऱ्या ट्यूबइतका उजेड त्या वीस वॉटमध्ये देतात, ही काही लहान गोष्ट नव्हे. २०१५ मध्ये उजाला योजना आली आणि पाहता पाहता गावोगावी पिवळ्या बल्बांच्या जागी पांढरे दिवे लागले. पण या पट्टीला उघडायला स्क्रूच नसतो. आतले दिवे सहसा मरत नाहीत, त्यांना वीज पुरवणारा छोटा ड्रायव्हर मरतो. गॅसच्या शेगडीवरच्या उष्णतेत त्यातला कपॅसिटर हळूहळू सुकत जातो, उजेड थरथरतो आणि एके दिवशी सगळंच फेकून द्यावं लागतं. जुन्या स्टार्टरसाठी मी हळहळत नाही. पण वस्तू उघडून आत पाहण्याचा जो हक्क घरातल्या लहान मुलालाही होता तो गेला, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तर त्या संध्याकाळी मी वडिलांच्याच रीतीने हद्द आखत गेले. पुढचा पंखा चालू, फ्रीज चालू. मागच्या भागातली पट्टी बंद आणि तिथला एक्झॉस्ट फॅनही बंद. दोन वस्तू एकाच वेळी मरत नाहीत, तेव्हा दोष पट्टीचा नव्हता. तीच पट्टी काढून हॉलमध्ये लावली तर लख्ख लागली. मागच्या भिंतीवरच्या बटणात टेस्टर टेकवला तर त्यातला लाल ठिपका उजळला. छतातल्या दोन्ही तारांना टेकवला, तर दोन्हीकडे उजळला. म्हणजे वीज बटणापर्यंत आलेली, छतापर्यंतही आलेली, आणि तरी दिवा लागत नव्हता.

वरच्या खोलीत उदगीरकडची दोन मुलं भाड्याने राहतात. दोघंही चाकणला जातात. तळवड्याकडून म्हाळुंग्याच्या रस्त्याने, पावसात खड्ड्यांतून हेलकावत. त्यातल्या एकाने गावाकडे आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा ट्रेड केलाय, पण इथं तो प्रेस शॉपमध्ये पत्रे उचलतो. गुरुवार असल्याने घरीच होता. हाक मारली तसा खाली आला, माझ्या हातातला टेस्टर घेऊन त्याने स्वतः दोन्ही तारांना लावून पाहिला आणि हसला.

‘काकू, एकीकडंच लागाय पायजे. दोन्हीकडं लागलालंय म्हंजे फेज हाय, न्यूट्रल न्हाई.’

मग वरून त्याने टेस्ट लॅम्प आणला. साधा होल्डर, शंभरचा जुना बल्ब आणि दोन लांब तारा. मागच्या भागातल्या दोन तारांमध्ये तो लावला तर ढिम्म. मग पुढच्या बोर्डातून न्यूट्रल उसना आणून लावला आणि मागच्या भागात पिवळा उजेड पडला. तेवढ्याने सगळं कळलं. येणारी तार शाबूत होती, परतीची तुटली होती.

टेस्टर हे फार भाबडं हत्यार आहे. त्याच्या मुठीत एक निऑनचा दिवा असतो आणि एक मोठा रोधक. टोपीवर अंगठा ठेवला की धरणाऱ्याच्याच अंगातून, जाणवणारही नाही एवढा प्रवाह जमिनीकडे वाट काढतो आणि ठिपका उजळतो. म्हणजे त्या ठिपक्यापुरती परतीची वाट आपणच असतो. म्हणून टेस्टर फक्त आलेलं ओळखतो. परत जायला मार्ग आहे की नाही, हे त्याला ठाऊक नसतं. उलट मार्ग तुटला की एक्झॉस्ट फॅनमधून वळसा घालून वीज परतीच्या तारेतही येऊन तुंबते आणि टेस्टर तिथंही आनंदाने उजळतो. दुप्पट वीज दिसते आणि उजेड शून्य.

दिव्यात वीज थांबत नाही. ती येते, काम करते आणि परत जाते. परत जाता येत असेल तरच ती येते. शाळेत हे शिकलेच होते, पण त्या मुलाच्या हातातला तो बल्ब उसन्या न्यूट्रलवर लागला तेव्हा ते मला पहिल्यांदा खरं समजलं, आणि त्यानंतर या सगळ्या औद्योगिक पट्ट्याकडे पाहण्याची माझी नजरच बदलली.

आपण या पट्ट्याकडे आजवर टेस्टर हातात धरूनच पाहत आलो. काय आलं, केव्हा आलं, किती आलं. १९६२ च्या १ ऑगस्टला एमआयडीसी स्थापन झाली. पाठोपाठ आकुर्डी, चिंचवड, भोसरीचे माळ कारखान्यांनी भरले. १९८२ मध्ये महापालिका झाली. पुढे चाकणला, खराबवाडी-निघोजे-कुरुळीच्या शिवारांत, मोटारींचे कारखाने आले. माणसं आली ती लातूर, बीड, नांदेड, जळगाव, बुलढाण्याकडून. या सगळ्याच्या नोंदी आहेत, पण परतीच्या तारेला कोणी टेस्ट लॅम्प लावून पाहिला नाही.

आमच्या घरात येणारी वीजही कुठून तरी आली. एमआयडीसी झाली त्याच १९६२ साली कोयनेचं वीजघर सुरू झालं आणि त्यासाठी कोयनेच्या खोऱ्यातली गावं उठली. त्याआधी, इथून हिंजवडी-पौडच्या पुढे गेलं की लागणाऱ्या मुळशीत, १९२१ मध्ये सेनापती बापट आणि मावळे शेतकरी धरणाच्या बांधावर बसले होते. भाताची खाचरं वाचली नाहीत. मुळशीचं पाणी सह्याद्रीच्या पलीकडे भिऱ्याला उतरलं, १९२७ मध्ये तिथलं वीजघर सुरू झालं आणि वीज मुंबईला गेली. ज्यांच्या जमिनीवरून हा प्रवाह निघाला, त्यांच्याकडे परत काय गेलं, हा प्रश्न मला आता दिवा लावताना पडतो. त्याने दिव्याचा आनंद कमी होत नाही, पण हिशेब अपुरा असल्याचं कळतं.

परत आल्याचं एक उदाहरण मात्र याच गावाने दाखवलं. भारनियमनाने सगळं राज्य घामाघूम झालं होतं, तेव्हा २००६ मध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांनी टंचाईच्या वेळात स्वतःचे जनरेटर चालवायचे, तेवढी वीज शहरासाठी मोकळी करायची आणि जादा खर्च ग्राहकांनी बिलातून वाटून घ्यायचा, अशी व्यवस्था बसली. गावोगाव मुलं कंदिलाखाली अभ्यास करत असताना इथल्या घरांत दिवे राहिले. कारखान्यांनी इतकी वर्षं इथली माणसं आणि इथलं पाणी घेतलं होतं. त्यातलं काहीतरी उजेड होऊन घराकडे आलं, असं मला तेव्हा वाटलं होतं आणि आजही वाटतं.

आणि परतीची तार तुटली म्हणजे काय होतं, तेही इथल्याच रस्त्यांवर पाहिलं. २४ मार्च २०२० च्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली. कारखाने थांबले, एसटी थांबली, रेल्वे थांबली. वल्लभनगरच्या स्टँडवर दिवाळीत पाय ठेवायला जागा नसते, तिथं कुत्रं दिसेना. वर राहणाऱ्या त्या मुलाचा थोरला भाऊ तेव्हा चाकणला नाणेकरवाडीत राहत होता. एका खोलीत सहा जण, तीन पाळ्यांत झोपणारे. आता सगळ्या पाळ्या एकदम घरी. काम नाही, खानावळ बंद, गावाकडे जायला साधन नाही. एप्रिलमध्ये तो चालत निघाला. नगरच्या पुढे कोणा टेम्पोवाल्याने घेतलं. ‘त्याला कशाचीच भीती नव्हती काकू,’ मुलगा सांगत होता, ‘पर घरी जाता येत न्हाई म्हणल्यावर त्याला झोप यायची बंद झाली.’ महिन्यातून एकदा तरी गावी जाऊन येता येतं, हा भरवसा असतो म्हणून माणूस आठ तास प्रेससमोर उभा राहू शकतो. तो भरवसा हा त्याच्या पगाराइतकाच या कारखान्यांचा कच्चा माल आहे, आणि तो कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही.

त्या गुरुवारी मेन बंद करून त्या मुलाने मागच्या भिंतीतली जोडपेटी उघडली. आत टेपची एक जाड गाठ होती, वरून शाबूत दिसणारी. टेप सोलला तर आतून काळाकुट्ट, कडक, कोळशाचा वास मारणारा. घर ऐंशीच्या दशकातलं, म्हणून मूळ वायरिंग ॲल्युमिनियमच्या तारेचं. पुढे मागच्या बाजूला स्वयंपाकघर वाढवलं तेव्हा नवी तार तांब्याची घातली गेली आणि दोन्हींना नुसता पीळ मारून वर टेप गुंडाळला. तांब्याशी ॲल्युमिनियमचं जमत नाही. दमट हवेत त्यांच्या सांध्यावर गंज चढतो. ॲल्युमिनियम दाबाखाली हळूहळू चेपत जातं, पीळ सैल होतो. सैल जोड तापतो, तापून आणखी सैल होतो. कित्येक पावसाळे तो जोड असा जळत होता आणि दिवा लागत होता. बोटाने स्पर्श करताच ॲल्युमिनियमचं टोक राखेसारखं कुस्करून खाली पडलं.

त्याने ती राख तळहातावर घेतली आणि कंपनीत शिकवलेला ‘व्हाय-व्हाय’ माझ्यावर चालवला. का लागला नाही? न्यूट्रल तुटला. का तुटला? जोड जळला. का जळला? सैल होता. का सैल होता? तांबं आणि ॲल्युमिनियम पिळून जोडलं. का जोडलं? इथं तो थांबला, कारण पाचव्या ‘का’ला तार संपते आणि माणूस सुरू होतो. कोणाला तरी काम त्या दिवशीच उरकायचं होतं, कोणाकडे तरी साधा कनेक्टर नव्हता. मुलगा म्हणाला, त्यांच्या लाईनवर प्रत्येक स्टेशनच्या वर एक दिवा असतो. काही चुकलं की कामगार दोरी ओढतो आणि तो दिवा पेटतो. मग सगळे तिकडे धावतात, पण कोणी कामगाराला रागावायचं नाही असा नियम आहे. घरात दिवा न लागणं म्हणजे बिघाड, तिथं दिवा लागणं म्हणजे बिघाड. नियम सगळीकडे सारखा पाळला जातो का, हे मी त्याला विचारलं. त्याने खांदे उडवले आणि तार सोलायला घेतली.

काळी तार नवी ओढली, कनेक्टरमध्ये दोन्ही टोकं वेगवेगळ्या स्क्रूखाली आवळली आणि ओढून पाहिली. ‘ओढून बगायचं काकू, नुसतं बसलंय म्हणून सोडायचं न्हाई.’ मेन लावल्यावर त्याने आधी माझ्या बोर्डावरच्या आरसीसीबीचं बटण दाबून पाहिलं. टक् आवाज करून खटका पडला आणि तो समाधानाने हसला. हे यंत्र मला फार आवडतं. आत गेलेली वीज आणि परत आलेली वीज ते सारखं ताडून पाहत असतं. दोन्हींत तीस मिलीअँपियरचा फरक पडला, तर वाट चुकून कोणाच्या तरी अंगातून ती जमिनीत जात असेल, असं मानून डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळं बंद करतं. घरात परतीचा हिशेब ठेवणारी ही एकच वस्तू. ती बसवलेली नसेल त्यांनी कृपा करून बसवून घ्यावी.

पट्टी पुन्हा जागेवर बसवून त्याने खटका वर केला आणि दिवा लागला. मी वर पाहिलं तर पट्टीवर धूळ आणि चिकटलेली पाखरं. दिव्यांच्या अवसेला आपण समया, निरांजनं, लामणदिवे घासून पाटावर मांडतो, रांगोळी काढतो, कणकेचे दिवे करतो. रात्रंदिवस डोक्यावर जळणाऱ्या या पट्टीला मात्र फडकंही लागत नाही. अवस आठवड्यावर होती. स्टुलावरून उतरण्याआधी तूच पूस, म्हणून मी त्याला ओलं फडकं दिलं.

तो पुसत असतानाच त्याचा फोन वाजला. हात ओले, म्हणून त्याने मलाच स्पीकर लावायला सांगितला. वडील होते. इकडे आमच्याकडे पागोळ्या थांबत नव्हत्या आणि तिकडे पेरणी होऊन पावसाने ओढ दिली होती. बोअरची मोटर लावली तर ती नुसती गूं करतेय, फिरत नाही, असं ते सांगत होते.

‘आण्णा, आदी बंद करा. केलाव का बंद?’

‘केलो बाबा.’

‘तसंच ठिवलं आसतं तर वायंडिंग जळलं आसतं. आता पेटीवरचे तीन दिवे बगा. लाल, पिवळा, निळा. किती लागलेत?’

पलीकडे पावलांचा आवाज, पत्र्याचं दार करकरलं.

‘दोनच हायत. मधला न्हाई.’

‘मंग एक फेज आलाच न्हाई. डीपीवरचा फ्यूज गेला आसंल. तुमी डीपीला हात लावू नका, आण्णा. काडी घेऊन बी जाऊ नका. वायरमनला मी लावतो फोन, नंबर हाय माझ्याकडं.’